नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले कानात घालायचे फोम प्लग आणि वरून बारीक मफ : रायफलवाल्या मुलीच्या आईचा रिव्ह्यू

मुलगी दोन वर्षं टेन मीटर एअर रायफल करत होती तेव्हा कानांचा विचार कधी मनातच आला नाही, एअर रायफलचा आवाज म्हणजे टाळी वाजवल्यासारखा, तेवढाच. मग २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळालं आणि हिने हट्ट धरला की मला पण पॉइंट टू टू, म्हणजे खऱ्या गोळीची रायफल, करायचीये. झाली सुरू. पहिल्याच दिवशी रेंजवरून घरी आली, जेवताना म्हणते, आई, पंखा वाजतोय का गं, बारीक शिट्टीसारखा? पंखा बंद होता.

मला धस्स झालं, कारण ती शिट्टी आमच्या घरात आधीपासून आहे. माझ्या पप्पांच्या कानात. पप्पा वर्दीच्या नोकरीत होते, सेव्हन सिक्स टूची मोठी रायफल, वर्षाची फायरिंग असली की कानात कापसाचे बोळे घालून जायचे, कधी तेही नाही. कापूस म्हणजे जवळजवळ काहीच नाही हो, आवाज अडवण्याच्या दृष्टीने. आज त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा जास्त गेलाय आणि हे का, ते मला वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग ह्या कानांच्या सरकारी संस्थेत त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली तेव्हा कळलं. उजव्या खांद्याला रायफल लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो, उजवा डोक्याच्या आड राहतो. ग्राफमध्ये ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडल्यासारखी रेघ खाली गेलेली. तिथल्या मॅडमनी समजावलं की खालचे जाड आवाज त्यांना नीट येतात, स, श, फ असले बारीक हवेचे आवाज येत नाहीत, म्हणून त्यांना वाटतं सगळे पुटपुटतायत. खरंच आहे, पप्पांना कोकीळ ऐकू येते, खिडकीतल्या चिमण्या नाही. मशीन लावलंय आता कानाला, आवाज वाढतो, पण शब्द पूर्वीसारखे सुटे होत नाहीत, कारण आतल्या ज्या केसासारख्या पेशी मेल्या त्या माणसाच्या कानात परत येतच नाहीत.

तर हा एवढा मोठा इतिहास का सांगितला, कारण मी खरेदीला उतरले ती ह्या भीतीने, आणि भीतीने पहिली खरेदी चुकली.

चूक अशी की ऑनलाइन जाऊन सगळ्यात मोठा एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो तो डब्यावरचा आकडा, बघून सगळ्यात जाड मफ, म्हणजे हेडफोनसारखे कान झाकणारे कप, मागवला. कंपनीचं नाव घेत नाही, वस्तू खराब नव्हती, आमच्या कामाची नव्हती. रायफलला गाल टेकवला की उजवा कप स्टॉकला, म्हणजे रायफलच्या दस्त्याला, धडकतो आणि वर उचलला जातो, फट पडली की आवाज आत. त्यात हिचा चष्मा, त्याची काडी कपाच्या गादीखालून जाते तिथे अजून एक फट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोच काही सांगायला लागले की ही एक कप उचलून धरायची, आणि तेवढ्यात बाजूच्या लेनवाल्याने ट्रिगर दाबलेला असायचा. मी मागच्या बाकावर बसून हे तीनदा बघितलं. मला तिथल्या तिथे रडू यायचं बाकी होतं.

इथे एक गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पॉइंट टू टूचा आवाज ऐकायला लहान वाटतो, बारका टक्क, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. पण ह्या रायफलचा शिखर आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे एका झटक्याच्या आवाजाची जी मर्यादा धरतात तिथेच, आणि मोठ्या रायफली १६० च्या घरात. डेसिबल साध्या बेरजेसारखे नसतात, दर ३ ला आवाजाची ताकद दुप्पट होते. इतका छोटा झटका असतो की कानाला वाटतच नाही काही लागलं. मोठा आवाज आला की कानाच्या आतला स्नायू आवळून थोडा बचाव करतो म्हणतात, पण तो आवळेपर्यंत गोळीचा आवाज आत जाऊन झालेला असतो. आणि थ्री पोझिशनमध्ये क्वालिफिकेशनलाच ६० गोळ्या, गुडघ्यावर २०, झोपून २०, उभं राहून २०, वर सायटर म्हणजे नेम जुळवायच्या गोळ्या, आणि प्रॅक्टिस तर रोजचीच, शिवाय दोन्ही बाजूंच्या लेनच्या गोळ्या वेगळ्या. सरावात किती गोळ्या कानाजवळून जातात ते कोणी मोजत नाही.

दुसरी खरेदी मग मी स्वतः जाऊन केली. मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट, जिथे नट-बोल्ट, सेफ्टी शूज, हेल्मेट सगळं मिळतं. एका सेफ्टीवाल्या दुकानात थ्रीएम ११०० चे फोम प्लग घेतले, केशरी रंगाचे, एनआरआर २९. एक जोडी साधारण वडापावच्या भावात, आणि अख्खा बॉक्स घेतला तर अजून स्वस्त. दुकानदार काकांनी कौतुकाने पूर्ण पाच मिनिटं घालून दाखवलं, म्हणाले ताई, ऐंशी टक्के लोक हे नुसतं कानाच्या तोंडाशी अडकवून ठेवतात आणि म्हणतात काम करत नाही. स्वच्छ हातांनी प्लग वळून वळून बारीक नळीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, अर्धा मिनिट तरी. बरोबर बसला की स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. अर्धा बाहेर दिसत असेल तर बसलेला नाही. माझ्या मुलीचे कान बारीक आहेत, तिला पहिले चार-पाच दिवस दुखले, मग सवय झाली, पण लहान पोरांना बसत नसेल तर जबरदस्ती कोंबू नका, छोट्या मापाचे वेगळे मिळतात.

आकड्याबद्दल पण काकांनीच सांगितलं, नंतर मी वाचून खात्री केली. डब्यावर २९ लिहिलंय म्हणजे कानात २९ ने कमी होतं असं नाही. अमेरिकेतल्या ओशाच्या, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, हिशोबात त्यातून ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं धरतात, म्हणजे ११. अंगावर काटा येतो ना? ह्याच्यासाठीच वरून मफ. दोन्ही मिळून बेरीज होत नाही, जो मोठा त्यात अंदाजे ५ ची भर पडते एवढंच, पण आमच्यासाठी दोन थरांचा फायदा वेगळाच निघाला. कोच बोलायला लागले की ही मफ मागे सरकवते आणि प्लग आतच राहतो, कोचचा आवाज दबका पण समजेल इतका येतो. बाजूवाल्याने गोळी झाडली तरी कान उघडा नसतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ह्या जोडीला पाचपैकी पाच देते.

मफ ह्या वेळी बारीक कपचा घेतला, एनआरआर कमी, पण स्टॉकला लागत नाही. घेताना रायफल नसेल तर निदान हाताची मूठ गालाशी धरून बघा कप हलतो का. मुंबईच्या घामात गादी भिजते, दर वेळी पुसून सुकवून ठेवावी लागते, आणि गादी कडक झाली, चिरली की बदलायची, पहिल्या दिवशी हिला क्लबमधून मिळालेला मफ असाच चिरलेल्या गादीचा होता. केस मागे घट्ट, कानातले काढून, टोपी असेल तर गादीच्या खाली नाही.

इलेक्ट्रॉनिकबद्दल सगळे विचारतात. आमच्या कोचकडे हॉवर्ड लाइटचा इम्पॅक्ट स्पोर्ट आहे, मी दोन दिवस मागून घेऊन मागच्या बाकावर लावून बसले. दोन ट्रिपल ए सेल, बाहेर माइक, बोलणं मोठं करून आत देतो आणि ८२ डेसिबलच्या वर गेलं की आत सोडत नाही. अप्रतिम वस्तू, कोचचं कुजबुजणं ऐकू येत होतं आणि गोळीचा आवाज दाराबाहेर राहिल्यासारखा. एनआरआर २२ असल्यामुळे मोठ्या पिस्तुलाच्या बाजूला असाल तर आत प्लग हवाच. किंमत काही हजारांत आहे. कोच, रेंज ऑफिसर, रोज सोबत बसणारे आईबाबा यांनी जरूर घ्यावा. पण खेळणाऱ्या मुलाला घेण्याआधी थांबा, इंटरनॅशनल नियमांत आवाज आत पोचवणारं यंत्र असलेला मफ खेळाडूला मॅचमध्ये चालत नाही. सरावाला एक आणि मॅचला दुसरंच असं झालं तर मुलांचं लक्ष विचलित होतं, म्हणून आम्ही तो घेतला नाही.

असेच प्लग गणपतीत पण कामाला आले. पुतण्या ढोल पथकात आहे, लालबागला विसर्जनाच्या दिवशी त्याच्या गळ्यात दोरीवाले घालून पाठवले, कॉर्डेड म्हणून मागा, हरवत नाहीत. दिवाळीत सुतळी बॉम्बवाल्या गल्लीतून जाताना पण.

पप्पांना हे सगळं दाखवलं तेव्हा ते बराच वेळ प्लग हातात घेऊन दाबून बघत बसले, हळूहळू फुगतो तो. म्हणाले, एवढंसंच होय? आता रेंजला निघायच्या आधी नातीला समोर बसवून दोन्ही प्लग घालायला लावतात, तिच्या पाठीमागे जाऊन हळू आवाजात तिचं नाव घेतात. तिने मान वळवली की म्हणतात, काढ, परत घाल.