मर्यादित आवृत्तीची वाइन किट: मोझेल, मार्लबरो, मेंडोझा, बारोसा की पिएमॉन्ते?

खोक्यावर प्रदेशाचं नाव ठळक असतं, रसाचं माप तळाशी बारीक अक्षरात. निवडायला बसलात की आधी माप वाचा, मग नाव.

घरी वाइन करायची बहुतेक किट २३ लिटरची असतात, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या साधारण ३० बाटल्या. पिशवीत रस मात्र कुठे १० लिटर, कुठे १४, कुठे १६ ते १८. उरलेलं पाणी आपण घालायचं. रसातलं पाणी निर्वातात, कमी तापमानाला काढून तो दाट करतात, पण पाण्याबरोबर सुगंधाचाही हलका भाग उडून जातो. त्यामुळे पांढऱ्या वाइनचं किट घेताना लिटर मोजावेत. लाल वाइनचा हिशोब वेगळा. तिथे रंग आणि तुरटपणा सालींतून येतो, म्हणून सालींची पिशवी असलेलं १० लिटरचं किट बिनसालीच्या १६ लिटरच्या किटला सहज मागे टाकतं.

‘मर्यादित’ म्हणजे एका हंगामाचा ठरावीक माल घेऊन मोजकी खोकी भरलेली असतात. नोंदणी काही महिने आधी होते, माल एकदाच येतो आणि संपला की तेच किट पुन्हा मिळत नाही. कृती मात्र नेहमीच्याच किटची. म्हणूनच पहिलंवहिलं किट मर्यादित आवृत्तीचं घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घनता मोजणं (पाणी म्हणजे १.०००; साखर जास्त तितका आकडा वर), तळाचा साका न ढवळता वाइन सायफनने ओढणं, विरघळलेला वायू काढणं हे आधी साध्या किटवर हाताला बसू द्या.

आता पाच प्रदेश: जर्मनीतलं मोझेल, न्यूझीलंडमधलं मार्लबरो, अर्जेंटिनातलं मेंडोझा, ऑस्ट्रेलियातलं बारोसा आणि इटलीतलं पिएमॉन्ते. आमच्या मते ही निवड चवीपेक्षा तीन गोष्टींवर ठरते: तुमची खोली किती गार राहते, आंबवायचं भांडं किती मोठं आहे आणि तुम्ही किती महिने थांबू शकता.

| किट (प्रदेश आणि द्राक्ष) | सुरुवातीची घनता | आंबवण्याचं तापमान | बाटली उघडण्याआधी |
|---|---|---|---|
| मोझेल रिझलिंग | १.०७५–१.०८५ | १८–२० °से. | ४–६ महिने |
| मार्लबरो सोविन्यॉं ब्लां | १.०८५–१.०९२ | १६–२० °से. | ३ महिने |
| मेंडोझा माल्बेक | १.०९०–१.०९८ | २२–२५ °से. | ६–९ महिने |
| बारोसा शिराझ | १.१००–१.११० | २२–२५ °से. | १२ महिने |
| पिएमॉन्ते नेब्बिओलो | १.०९५–१.१०० | २२–२४ °से. | १८–२४ महिने |

हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या खोक्यातल्या पत्रकात वेगळं लिहिलं असेल तर पत्रक मानायचं, खाली मुद्दाम वेगळं सांगितलेलं सोडून.

दोन पांढऱ्या

मोझेलचे मळे नदीकाठच्या उभ्या, पाटीच्या दगडाच्या उतारांवर आहेत. हवा थंड असल्यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकून राहतो आणि साखर बेताची चढते. किटही तसंच वागतं. वाइन आंबून कोरडी झाली की चाखताना दात आंबतात. हा आंबटपणा तोलायला खोक्यात गोड रसाची वेगळी पाकिटं दिलेली असतात, आणि या किटमधली बहुतेक गडबड त्या पाकिटांपाशीच होते. ती पहिल्या दिवशी ओतली तर यीस्ट ती साखरही खाऊन टाकतं. हाती येते जास्त मद्यार्काची, आंबट, पातळ वाइन. सॉर्बेट टाकण्याआधी ओतली तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होऊन बूच उडतात. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त त्याची वाढ थांबवतं. म्हणून क्रम असा ठेवा: घनता ०.९९८ च्या खाली दोन दिवस स्थिर दिसली की साक्यावरून वाइन काढून घ्यायची, मेटाबायसल्फाइट (वाइन टिकवणारी भुकटी) आणि सॉर्बेट घालायचं, वायू काढायचा, मग गोड रस आणि शेवटी निवळणारी द्रव्यं. गोड रस आधी निम्माच घाला, चाखा, मग पुढचं ठरवा.

मोझेलची दुसरी तक्रार म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, पोटात गेले तरी काही होत नाही. पण पाहुण्यांसमोर ते नको असतील तर बाटलीत भरण्याआधी कारबॉय (वाइन ठेवायचं अरुंद गळ्याचं मोठं भांडं) दोन आठवडे ४ °से. च्या आसपास ठेवा. खडे तिथेच बसतात.

मार्लबरोची गंमत सगळी सुगंधात आहे. पॅशनफ्रूटचा वास थायॉल नावाच्या संयुगांचा, तर कापलेल्या गवताचा आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा पायराझिनचा. थायॉल हवेने आणि तांब्याने मरतात, उष्णतेत आंबणं धडाक्यात चाललं की बुडबुड्यांबरोबर बराचसा सुगंध उडून जातो. पत्रकात सगळ्या किटना एकच तापमान छापलेलं असतं, २२ ते २४. ते वेळापत्रक पाळता यावं म्हणून. सोबत गारव्यातही चालणारं ईसी-१११८ यीस्ट असेल तर १६ ते १८ ला ठेवायला हरकत नाही. एखादा आठवडा जास्त लागेल इतकंच. वायू काढताना ड्रिलला लावलेल्या दांड्याने वाइन घुसळून फेस काढू नये. हातपंपाने निर्वात करून वायू ओढणं इथे जास्त चांगलं.

खोली २६–२८ अंशांच्या खाली येतच नसेल तर मार्लबरो घेऊ नका. कितीही चांगलं खोकं असलं तरी बाटलीत साधी आंबट पांढरी वाइन उतरेल. मोझेल अशा खोलीत थोडंफार निभावून नेतं, कारण आंबटपणा आणि गोडी उष्णतेने उडत नाहीत. शिवाय मार्लबरो वर्ष-दीड वर्षात संपवावी लागते. तीस बाटल्या तेवढ्यात संपणार आहेत का, तेही बघून ठेवा.

तीन लाल

लाल किटमधल्या ओल्या सालींची पिशवी साधारण एक ते दोन लिटरची असते. साली मलमलच्या थैलीत भरून, तोंड बांधून रसात सोडायच्या. आंबायला लागलं की थैली वर तरंगते. दिवसातून दोनदा स्वच्छ चमच्याने ती खाली दाबावी लागते, नाहीतर वरचा भाग सुकतो, तिथे ॲसेटिक आम्लाचे जिवाणू धरतात आणि व्हिनेगरचा वास यायला लागतो. भांडं किमान ३० लिटरचं हवं. २५ लिटरच्या भांड्यात २३ लिटर रस, वर साली आणि फेस म्हणजे दुसऱ्या रात्री जमीन पुसायची तयारी ठेवा.

सालींमुळे मापही घटतं. थैली हलकेच पिळून काढली आणि साका मागे ठेवला की एक-दीड लिटर कमी होतं, कारबॉयच्या गळ्यात पोकळी राहते, आणि महिनाभर हवा लागली तर रंग तपकिरीकडे झुकतो. ती पोकळी पाण्याने भरू नये, वाइन पातळ होते. त्याच जातकुळीच्या तयार लाल वाइनच्या दोन बाटल्या हाताशी ठेवाव्यात.

माल्बेक मूळचं फ्रान्सचं, पण १८५३ मध्ये अर्जेंटिनात गेलं आणि अँडीजच्या पायथ्याशी मेंडोझात रुजलं. तिथले मळे उंचावर असतात, काही १,००० मीटरच्याही वर. दिवसा कडक ऊन, रात्री गारवा. सालीत रंग भरपूर येतो आणि तुरटपणा मऊ राहतो. घरगुती किटसाठी हे फार सोयीचं आहे. साखर बेताची असल्याने यीस्ट अडत नाही, रंग गडद असल्याने थोडी हवा लागली तरी लगेच दिसून येत नाही, आणि सहाव्या महिन्यात बाटली उघडली तरी चालते. एकच लाल किट घ्यायचं असेल तर हेच.

बारोसा उष्ण आणि कोरडं आहे. द्राक्षात साखर भरते आणि वाइनचा मद्यार्क १४ ते १५ टक्क्यांवर जातो. इथलं ठरलेलं दुखणं म्हणजे आंबणं १.०१० ते १.०२० वर येऊन थांबतं. वाढलेला मद्यार्क यीस्टला जड जातो, त्यात रात्री खोली १८ च्या खाली गेली की यीस्ट तळाशी जाऊन बसतं. यावर आधीच उपाय करावा:

- ५ ग्रॅमचं एकच पाकीट असेल तर दुसरं जोडा. दोन्ही ३५ ते ४० अंशांच्या थोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून मग रसात घाला.
- पहिले तीन दिवस रोज जोरात ढवळा. वाढीच्या काळात यीस्टला ऑक्सिजन लागतो. नंतर मात्र हवेपासून जपा.
- आंबणं अडलंच तर खोली २४–२५ वर आणा आणि तळाचा साका हलकेच वर उठवा. त्यावर कोरडं यीस्ट भुरभुरून उपयोग नाही, त्या मद्यार्कात ते तग धरत नाही. वेगळ्या भांड्यात नवं यीस्ट जोमात आणून त्यात अडलेली वाइन थोडी थोडी मिसळत न्या, मग सगळं परत ओता.

घनता मोजताना याच किटमध्ये फसगत जास्त होते. दाट रस तळाशी बसतो, पाणी वर राहतं, आणि हायड्रोमीटर (घनता मोजायचं उपकरण) १.०६० दाखवतो. लगेच साखर घालायला धावू नका. तळापासून दोन मिनिटं घुसळा आणि पुन्हा मोजा. सालींतली साखर एक-दोन दिवसांत उतरते, त्यामुळे खरा आकडा पहिल्या मापाहून थोडा वरच असतो.

नेब्बिओलो हे तिघांतलं हट्टी द्राक्ष. रंग फिका, तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही चढे. पिएमॉन्तेची नावाजलेली बारोलो वाइन याच द्राक्षाची, आणि तिच्या नियमानुसार ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. किटच्या पत्रकात मात्र आठ आठवड्यांत बाटली भरायला सांगितलेलं असतं. भरता येते, पण तेव्हा ती पिण्यासारखी नसते. सहा महिन्यांनी चाखून ‘किट खराब निघालं’ म्हणणारे बरेच भेटतात. दीड-दोन वर्षं ठेवायची तर पत्रकातल्या मेटाबायसल्फाइटच्या मात्रेवर विसंबू नका, ती लवकर पिणाऱ्यांसाठी असते. भरण्याआधी २३ लिटरला पाव चहाचा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम, मेटाबायसल्फाइट आणखी घाला. बूच चांगल्या प्रतीचं घ्या, बाटल्या आडव्या ठेवा. गारव्याची, अंधारी जागा नसेल तर हे किट दुसऱ्या कुणाला घेऊ द्या.

चिलीचं कार्मेनेअर हे लाल द्राक्षही कधीकधी या यादीत येतं. १९९४ पर्यंत तिथे ते मेर्लो हे दुसरं द्राक्ष समजूनच लावलं जात होतं. हिरव्या मिरचीसारखा वास आवडत असेल तर घ्या, हाताळणी माल्बेकसारखीच.

पाचही किटना लागू

वाइन निवळत नसेल तर आधी विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तपासा. चाचणी नळीत निम्मी वाइन घ्या, तळहाताने तोंड बंद करून हलवा आणि हात काढा. ‘फस्’ असा आवाज आला की वायू शिल्लक आहे, आणि तो साक्याचे कण तरंगते ठेवतो. गार वाइन वायू धरून ठेवते, म्हणून हे काम २० अंशांच्या वर करावं. निवळणाऱ्या द्रव्यांत कीझेलसोल आधी आणि कायटोसान नंतर. दोघांचे विद्युतभार विरुद्ध असल्याने कण एकत्र येऊन खाली बसतात. कायटोसान सहसा कवचाच्या जलचरांपासून करतात. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांना ही वाइन देण्याआधी तसं सांगा.

किटच्या रसाचं आम्ल कारखान्यातच जुळवलेलं असतं, त्यात स्वतःचं आम्ल मिसळू नये. लाल किटमध्ये लॅक्टिक जिवाणू सोडून आम्ल मऊ करण्याच्या भानगडीतही पडू नये. सॉर्बेट घातलेल्या वाइनमध्ये हे जिवाणू वाढले तर जिरेनियमच्या पानांचा वास येतो आणि तो कशानेही जात नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर कार्बन फिल्टरमधून गाळून घ्या; क्लोरीनमुळे वाइनला औषधी चव येते.

खोकं हातात आलं की भरल्याची तारीख बघा आणि पिशवी दाबून पाहा. पिशवी फुगलेली असेल तर रस आतच आंबायला लागला आहे, ती न उघडता परत करा. तारीख जुनी असेल तर पांढरं किट सोडून द्या, कारण रस आधी तिथेच तपकिरी पडतो. लाल घ्यायला हरकत नाही, फक्त यीस्टचं पाकीट ताजं आणा.