चपटी मोटर दुरुस्त करावी की कॅन मोटर बसवावी?

ओओ मापाच्या, म्हणजे १:७६ प्रमाणाच्या, जुन्या ब्रिटिश डिझेल इंजिनाची प्रतिकृती ज्यांच्याकडे आहे, त्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडतोच: बोगीतली, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यातली, मूळची उघडी चपटी मोटर साफ करून पुन्हा उभी करावी, की ती काढून तिच्या जागी बंद डबीसारखी छोटी कॅन मोटर बसवावी? मधोमध मोटर, फ्लायव्हील आणि दोन्ही बोगींना वर्म गिअर असलेली अख्खी नवी चासी घेणे हा तिसरा मार्ग आहे, पण तो मी येथे बाजूला ठेवतो, कारण त्या पैशांत थोडी भर घातली की दुसरे इंजिनच येते.

माझ्याकडे क्लास ४७ या ब्रिटिश डिझेल प्रकाराची दोन इंजिने आहेत, दोन्ही ऐंशीच्या दशकातली आणि मामाने लंडनहून आणलेली. एकाची मोटर मी दुरुस्त केली आणि दुसऱ्याची बदलली, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते याच दोन इंजिनांच्या भरवशावर.

दुरुस्तीचा मोठा गुण म्हणजे ती जवळजवळ फुकट होते. कम्युटेटर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा पट्ट्यांचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, त्याच्या तीन पट्ट्यांमधल्या फटी टूथपिकने कोरून घ्याव्यात, त्या पट्ट्यांवर घासणारे झिजलेले कार्बन बदलावेत आणि बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब द्यावा. त्याआधी मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध तिन्ही वेळा मोजून पाहावा. तिन्ही आकडे सारखे आले तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, शाबूत आहे, आणि एखादा फारच वेगळा आला तर त्यावरचे तारेचे वायंडिंग गेले आहे असे समजून हा लेख अर्ध्यावर सोडून खुशाल नवी मोटर शोधायला लागावे. दुरुस्त केलेले इंजिन जोमाने धावते, आणि लहानपणी ऐकलेला तोच घरघराट पुन्हा ऐकू येतो, हेही मला नाकारायचे नाही.

माझे मन उडाले ते कार्बनच्या भुकटीमुळे. उघड्या मोटरमध्ये कार्बन झिजतो, त्याची भुकटी बेअरिंगमधून सरकलेल्या तेलात कालवली जाते आणि तो काळा लगदा कम्युटेटरच्या फटींत बसतो. मग पट्ट्या एकमेकींशी जोडल्या जातात, मोटर जास्त प्रवाह ओढते, गरम होते आणि नेमकी फलाटाशी हळूहळू येताना अडकते. माझ्या घरी हे दर दोन-तीन महिन्यांनी घडे. दर वेळी इंजिनाचा वरचा टप उतरवा, बोगी सोडवा, झाकण काढा. आणि झाकण काढताना कार्बनमागची स्प्रिंग हटकून उडे. ती तांदळाच्या दाण्याएवढी आणि वर फॉस्फर ब्राँझची, त्यामुळे लोहचुंबक फिरवूनही हाती लागत नसे. पुढे मी पांढरी चादर अंथरून त्यावरच मोटर उघडू लागलो, तरीही एक स्प्रिंग आजतागायत कपाटाखाली आहे. काटेकोर हाताच्या माणसाला हा त्रास कमी होत असेल, पण मला तो पुरेसा झाला.

कॅन मोटरचे पोट बंद असते, आणि केवळ त्यामुळेच ती मला सोयीची वाटली. ब्रिटनमधून बैठक, मोटर आणि पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) असा तयार संच मागवता येतो, मात्र टपाल आणि सीमाशुल्क धरून तो स्वस्त पडत नाही. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, त्यांतल्या मोटरींसाठी, जुने सीडी प्लेअर आणले. येथे एक सावधगिरी हवी: संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमधली चकती फिरवणारी मोटर ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेली, असते आणि ती आपल्या उपयोगाची नाही, ट्रे बाहेर ढकलणारी, दोनच वायरी असलेली मोटर चालते. या मोटरी मुळात कमी व्होल्टच्या असतात, त्यामुळे रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरच्या १२ व्होल्टवर इंजिन उधळते आणि मालिकेत एक रोधक जोडावा लागतो.

खरे कसब पिनियन जुळवण्यात आहे. दात खेटून बसले तर मोटर कण्हते आणि सैल राहिले तर कटकट आवाज येतो. दोन गिअरांमध्ये वहीच्या पातळ कागदाची पट्टी धरून मोटर टेकवायची, बैठकीला अरल्डाइट लावायचे, रात्रभर हात लावायचा नाही आणि सकाळी पट्टी ओढून काढायची. तेवढ्या जाडीची फट मला योग्य ठरली. जुने जड लोहचुंबक गेल्याने इंजिन हलके होते आणि पाच डब्यांना चाके घसरू लागतात. टायरवाल्याकडे मिळणारी बॅलन्सिंगची चिकट वजने टपाच्या आत, मोटर असलेल्या बोगीवर लावल्यावर माझी तक्रार मिटली.

ज्यांना पुढे डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल हुकूम देण्याची पद्धत, करायचे आहे, त्यांच्यासाठी पारडे आणखी झुकते. अनेक जुन्या मोटरींत एक कार्बन थेट बोगीच्या धातूशी जोडलेला असतो; तो अलग न करता डीकोडर, म्हणजे ते हुकूम वाचणारी इंजिनातली चकती, जोडला तर डीकोडर जळतो. कॅन मोटरची दोन्ही टोके मुळातच वेगळी असतात.

एक गोष्ट मात्र दोन्ही मार्गांत सारखीच राहते. या इंजिनांत पुष्कळदा एका रुळाची वीज पुढच्या बोगीतून आणि दुसऱ्या रुळाची मागच्या बोगीतून घेतली जाते, त्यामुळे रूळ बदलण्याच्या सांध्यांवर इंजिन थबकते आणि दोष मोटरला दिला जातो. चाकांच्या पाठीला टेकणाऱ्या पातळ तारा डाग देऊन बसवल्याशिवाय कोणतीही मोटर संथ चालणार नाही.

वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, इंजिन काढणाऱ्याने दुरुस्तीच करावी असे मी म्हणेन. रोज गाडी चालवणाऱ्याला मात्र मी दबक्या आवाजात कॅन मोटरच सुचवीन. फक्त बोगीला कानस लावण्याआधी न कापता बसणारी बैठक मिळते का ते पाहावे. मी ते पाहिले नाही, आणि डबीत जपून ठेवलेले ते सुस्थितीतले आर्मेचर आता त्याच्या मूळ बोगीत बसत नाही.