मिशीवाला मॅन-अ‍ॅट-आर्म्स आणि माझे ₹१९,३५०

ही-मॅनच्या खेळण्यांतला जुना मॅन-अ‍ॅट-आर्म्स विकत घेताना माझी फसवणूक झाली. आधी आकडे. आगाऊ ₹८,०००, पार्सल निघण्याआधी ₹८,५००, कुरिअरचे ₹४५० आणि 'पार्सल हातात पडलं की लगेच परत करतो' असं सांगून विम्याच्या नावाखाली ₹२,४००. एकूण ₹१९,३५०. त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही. बदल्यात मिळालं ते एक खरं जुनं धड, त्यावर थ्रीडी प्रिंटरवर काढून रंगवलेलं डोकं, नवं नकली चिलखत आणि मूळ कॉमिकच्या जागी रंगीत झेरॉक्स.

जाहिरात होती: 'लिओचा दुर्मिळ मिशीवाला मॅन-अ‍ॅट-आर्म्स, चिलखत-गदेसह पूर्ण, मूळ मिनी कॉमिकसह.' लिओ म्हणजे ही खेळणी भारतात काढणारी कंपनी, मिनी कॉमिक म्हणजे खेळण्याबरोबर येणारं छोटं चित्रकथेचं पुस्तक.

तिथेच थांबायला हवं होतं. मिशीवर! मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने १९८२ मध्ये ही-मॅनच्या पहिल्या आठ फिगर आणल्या, त्यात मॅन-अ‍ॅट-आर्म्स होता आणि त्याला मिशी नव्हती. मिशी आली फिल्मेशन कंपनीच्या ही-मॅन कार्टूनमध्ये, १९८३ मध्ये. राजपुत्र अ‍ॅडमचं गुपित जपणारा, त्याला लढाई शिकवणारा, टीलाला पोटच्या मुलीसारखं वाढवणारा डंकन, म्हणजेच मॅन-अ‍ॅट-आर्म्स, आपल्याला आठवतो तो या कार्टूनमधला. दूरदर्शनवर ही-मॅन बघत वाढलेल्या पिढीच्या डोळ्यांत तो मिशीसकटच बसलाय. त्यामुळे फोटोत मिशी दिसली की मन म्हणतं, हाच तो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, १९८२ आणि १९८३ दोन्ही सालं तोंडपाठ होती, तरी मी पैसे पाठवले. याची लाज पैशांपेक्षा जास्त जाळते.

पण माझी बाजूही ऐका. लिओने मॅटेलच्या परवान्याने भारतात ज्या फिगर काढल्या, त्यांत प्लास्टिकच्या आणि रंगांच्या छटा अमेरिकी मालापेक्षा खरंच वेगळ्या सापडतात. म्हणून 'भारतातला वेगळा प्रकार' हे ऐकायला अशक्य वाटत नाही. पण रंग बदलणं वेगळं आणि डोक्याचा साचा बदलणं वेगळं. रंग कारखान्यातला डबा बदलला की बदलतो. मिशीसाठी नवा साचाच कोरावा लागतो. हा साधा फरक त्या रात्री डोक्यात आला नाही.

जुनं डोकं मऊ आणि पोकळ असतं. अंगठ्याने दाबलं की गाल आत जातो, सोडला की वर येतो. माझ्याकडे आलेलं डोकं दगडासारखं होतं. भिंगाखाली शिरस्त्राणाच्या निळ्या रंगाखाली थरांच्या बारीक आडव्या रेघा दिसल्या. नखाने खरवडलं तर रंगाची पापडी निघाली. कंबरेत स्प्रिंग असते, धड वळवून सोडलं की ठोसा मारत परत जागेवर येतं. धड खरं असल्याने ते बरोबर आलं आणि व्हिडिओत विकणाऱ्याने नेमकं तेवढंच दाखवलं. पाय आतल्या रबराने जोडलेले असतात. हे रबर वयाने सुकतं आणि पाय लोंबतात. माझ्या फिगरचे पाय नको इतके घट्ट होते, आत नवं रबर भरलेलं.

चिलखताचे तीन नारिंगी भाग असतात, छातीचा, हाताचा, पायाचा, आणि चौथी गदा. चारही भाग एकाच ताज्या नारिंगी रंगाचे आणि एकसारखे चकचकीत असतील तर संशय घ्या. छातीचं चिलखत मागे जिथे अडकवतात तिथे जुन्या प्लास्टिकवर वाकल्याची पांढरी खूण किंवा चीर असते. माझ्याकडे आलेल्या चिलखतावर ओरखडाही नव्हता, आणि मला वाटलं कोणी तरी जिवापाड जपलंय. कॉमिकही भिंगाखाली बघा. छापखान्यातल्या चित्रात रंगाचे ठिपके ठरावीक जाळीत बसतात, इंकजेटचे विस्कटलेले असतात.

'विमा परत मिळेल' म्हणत वेगळी रक्कम मागितली, तर व्यवहार तिथेच तोडा.

आता तक्रारीचं. बँकेचं उत्तर: पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: खेळण्याला एकोणीस हजार? दुसरा: वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. मी छापलेल्या चॅट आणि डोक्याचे जवळून काढलेले फोटो नेले होते. ते कोणी उलटूनही पाहिले नाहीत. दुसऱ्या वेळी दुसरे साहेब, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. तिसऱ्या वेळी सांगितलं, ऑनलाइन तक्रार केलीत ना, मग इथे कशाला आलात. ऑनलाइन तक्रारीची स्थिती तशीच्या तशी. विक्री जिथे झाली त्यांच्याकडून एकच साचेबंद उत्तर, 'दोघांनी आपसात मिटवा'. खोटी वस्तू खरी म्हणून विकली की वस्तू मिळाली तरी ती फसवणूकच. अस्सल म्हणून खोटं सोनं विकलं असतं तर हाच प्रश्न विचारला असता का?

म्हणून हे लक्षात ठेवा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या तासात करा. पैसे पुढच्या खात्यात गेले की अडवणं कठीण होतं. मी चार दिवस विकणाऱ्याच्या 'उद्या परत करतो'वर घालवले. तक्रार लेखी द्या, त्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. मीही तसं पाठवलंय.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. माझा नाही, आणि प्रत्येक जण तोच मागतो.

आणि विकत घेण्याआधी व्हिडिओ कॉलवर अंगठ्याने गाल दाबून दाखवायला सांगा. कंबर नाही, गाल.

काल तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, किंमत ₹१४,०००. फोटो मला पाठवला होता तोच, मिशीच्या टोकाशी तपकिरी रंगाचा तोच ओघळ.