‘एनपी चालू आहे शेठ’: जुना ट्रक घेताना कागदाच्या पिशवीतून होणारी फसवणूक

जुना ट्रक दाखवताना दलाल एक वाक्य हमखास टाकतो, ‘एनपी चालू आहे शेठ, उद्यापासून गाडी लाइनला लावा.’ एनपी म्हणजे नॅशनल परमिट, परराज्यात माल नेण्याचा परवाना. घेणाऱ्याने मेस्त्री सोबत नेलेला असतो. मेस्त्री इंजिनचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी बघतो, पाटे मोजतो, चासीला कुठे वेल्डिंग आहे का ते पाहतो. कागदांची प्लास्टिकची पिशवी मात्र टोकन दिल्यानंतर उघडते, आणि लाखांचा फटका बहुतेक वेळा त्या पिशवीतूनच बसतो.

समजा, दहा चाकी गाडी १८ लाखांना ठरली. तिच्यावर फायनान्सचे ११ लाख बाकी आहेत. विकणारा म्हणतो, ७ लाख रोख द्या, पुढचे हप्ते तुम्ही भरा, कर्ज फिटलं की गाडी नावावर करून देतो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करारनामा होतो, नोटरीचा शिक्का बसतो, दोन साक्षीदार सह्या करतात. आरसी, विमा, पासिंग (फिटनेसचा दाखला), परमिट, ऑथोरायझेशन अशी सगळी फाइल ताब्यात मिळते. वर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या आगाऊ सह्या, तारखेची जागा कोरी. सह्याच हातात आल्या म्हटल्यावर घेणारा निश्चिंत होतो.

खरं तर त्याच्या हातात ताबा सोडून काहीच आलेलं नसतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे आरसीवर फायनान्सचा बोजा असेपर्यंत फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकीची नोंद बदलत नाही. म्हणजे ते सह्या केलेले फॉर्म तोवर कपाटात ठेवण्यापुरतेच. परमिटचंही तेच. मालवाहू परमिट देतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, आणि ते देतं एका अर्जदाराला, एका गाडीसाठी. कलम ८२ म्हणतं की प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्याकडे जात नाही. तेव्हा ‘परमिटसकट गाडी’ हा प्रकार कायद्यात नाही. गाडी विकता येते. परमिटासाठी दोघांना मिळून अर्ज करावा लागतो, नाहीतर जुनं परमिट आरटीओत जमा करून नव्या मालकाच्या नावाने नवं काढावं लागतं. व्यवहारात दुसरा रस्ता सोपा पडतो. पण दोन्ही रस्त्यांना आधी गाडी नावावर लागते.

पुढे बिघडतं ते असं. कर्जाचा हप्ता विकणाऱ्याच्या बँक खात्यातून कापला जातो, म्हणून घेणारा दर महिन्याला पैसे त्याच्या खात्यात टाकतो. काही महिने सुरळीत जातात. मग विकणाऱ्याची दुसरी देणी निघतात आणि खात्यात आलेला हप्ता तिकडे वळतो. तीन-चार हप्ते थकले की वसुलीची माणसं टोलनाक्यावर किंवा ढाब्यावर गाडी अडवतात. करारनामा दाखवून उपयोग होत नाही, कारण फायनान्स कंपनीचा करार ज्याच्याशी आहे तो माणूस वेगळा. याहून वाईट म्हणजे, आरसी अजून त्याच्याच नावावर असल्याने त्याला त्याच गाडीवर टॉप-अप कर्ज काढता येतं, आणि कधी कधी तीच गाडी आणखी एकाला नोटरीवर विकलेली असते. पोलीस ठाण्यात गेलं की पहिलं उत्तर मिळतं, ‘ही दिवाणी बाब आहे.’

चालू हप्त्यावरची गाडी घेऊच नये, हे आमचं मत. घ्यायचीच असेल तर कर्ज आधी बंद करून घ्या. फायनान्सच्या शाखेत विकणाऱ्यासोबत स्वतः जा, फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं पत्र घ्या, त्यात लिहिलेली रक्कम थेट कर्ज खात्यात आरटीजीएसने भरा. विकणाऱ्याच्या बचत खात्यात नाही, दलालाच्या तर मुळीच नाही. मग कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन बोजा उतरवा. फॉर्म ३५ खोटाही बनतो, शिक्का आणि लेटरहेड बनवायला फार काही लागत नाही. त्यामुळे कागद हातात आला म्हणून उरलेली रक्कम सोडू नका. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या गाडीच्या नोंदीतून फायनान्सरचं नाव गेलं आणि मालक म्हणून तुमचं नाव चढलं, की ती रक्कम द्या. विकणारा खरा असेल तर या अटीला त्याची हरकत नसते.

आता एनपीकडे येऊ. नॅशनल परमिटचे दोन थर आहेत आणि दलालाची सगळी कमाई या दोन थरांच्या गोंधळावर चालते. परमिट पाच वर्षांचं असतं. पण परराज्यात जाण्याचा अधिकार देणारं ऑथोरायझेशन एकेका वर्षाचं. त्यासाठी दरवर्षी १६,५०० रुपयांचं एकत्रित शुल्क आणि वर १,००० रुपये ऑथोरायझेशन फी ऑनलाइन भरावी लागते. दलाल परमिटचा कागद दाखवतो, त्यावर दोन-तीन वर्षं पुढची तारीख असते, आणि घेणारा मान डोलावतो. ऑथोरायझेशन गेल्या दिवाळीतच संपलेलं असतं.

दुसरा प्रकार सरळ खोटेपणाचा. नूतनीकरणाला म्हणून एजंट १७,५०० आणि स्वतःचे काही पैसे घेतो, मोबाइलवर पीडीएफ पाठवतो. ती गेल्या वर्षीचीच प्रत असते, तारखा तेवढ्या बदललेल्या. प्रिंट काढून नीट पाहिलं तर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या तारखांचे आकडे बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित ठळक किंवा ओळीच्या जरा वर-खाली दिसतात, आणि पावतीचा क्रमांक जुनाच राहिलेला असतो. महाराष्ट्रात फिरताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण घरच्या राज्यात ऑथोरायझेशन लागतच नाही. गाडी निपाणीच्या किंवा वापीच्या पुढे जाते तेव्हा तिथला अधिकारी कागद हातात घेत नाही, मशीनमध्ये गाडी नंबर टाकतो. नोंदीत मुदत संपलेली. मग कलम २०७ खाली गाडी अटकावून ठेवता येते. कलम १९२अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. माल नाशवंत असेल तर दंडापेक्षा भाड्याचं नुकसान मोठं, आणि पार्टी तुटते ती वेगळी. ड्रायव्हरला यातलं काही माहीत नसतं, रात्रभर उभा मात्र तोच राहतो.

याची खातरजमा करायला पाच मिनिटं लागतात. परिवहनच्या नॅशनल परमिट पोर्टलवर गाडी नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की शुल्क भरता येतं आणि ऑथोरायझेशनही तिथूनच निघतं. म्हणजे हे काम मालकाला घरबसल्या करता येतं. एजंटला द्यायचंच तर पैसे पोर्टलवर आपल्या खात्यातून भरा, त्याला त्याची मजुरी वेगळी द्या. ‘सगळं मिळून वीस द्या, मी बघतो’ या बोलीत बघण्यासारखं बरंच काही असतं.

कागद खोटा आहे हे कधी कधी पोर्टल न उघडताही कळतं. आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख बघा. दोन आसांच्या, म्हणजे सहा चाकी गाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट चालत नाही. दोनपेक्षा जास्त आस असलेल्या गाडीला १५ वर्षांपर्यंत चालतं. तेव्हा २०१२ च्या सहा चाकीला ‘एनपी चालू’ म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. पासिंगचंही तसंच. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस दोन दोन वर्षांचा मिळतो, पुढे दरवर्षी. दहा वर्षांच्या गाडीच्या फिटनेसवर दोन वर्षांची मुदत छापलेली दिसली तर तो कागद आरटीओतून आलेला नाही.

एनपी असलं तरी एकाच परराज्यातल्या दोन ठिकाणांमधला माल उचलता येत नाही. सुरतेत भरून राजकोटला खाली करणं महाराष्ट्राच्या गाडीला चालत नाही. ‘भारतभर काहीही भरा’ हेही विकतानाचंच बोलणं.

मोबाइल नंबरची मेख फार कमी लोक तपासतात. वाहनच्या नोंदीत मालकाचा म्हणून एजंटचा नंबर टाकलेला असतो. ओटीपी त्याला, चलनाचे मेसेज त्याला, मुदत संपल्याची सूचनाही त्याला. मग दर कामाला त्याच्या दारात जावं लागतं आणि तो मागेल ते द्यावं लागतं. मालकाला न कळवता गाडीच्या नोंदीत काही करायचं असेल तर दारही उघडंच. गाडी नावावर होताना आपलाच नंबर चढला आहे ना, हे त्याच दिवशी बघा. जुन्या मालकाने स्वतःच्या गाडीचंही एकदा बघावं.

छोट्या गाडीवाल्यांना वेगळाच चुना लागतो. ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन, म्हणजे माल धरून आरसीवर लिहिलेलं सकल वाहन वजन, ३,००० किलोपर्यंत आहे, तिला कलम ६६(३) प्रमाणे परमिट लागतच नाही. छोटा हत्ती यात बसतो. पिकअपमध्ये काही मॉडेलं बसतात, काही बसत नाहीत, म्हणून नाव न बघता आरसीवरचा आकडा बघा. बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांनाही २०१८ पासून परमिटची माफी आहे. तरी ‘परमिटचे’ म्हणून पैसे घेणारे आहेत, आणि देणाऱ्याला पावती कधीच मिळत नाही. पासिंग, विमा आणि पीयूसी मात्र या गाड्यांनाही लागतातच.

आतापर्यंत सगळीकडे पोर्टलची नोंद बघा असं सांगितलं. पण गाडीच चोरीची किंवा तोडायला गेलेल्या गाडीच्या कागदांवर उभी केलेली असेल, तर नोंद स्वच्छ आणि गाडी खोटी असंही होतं. लांबच्या राज्यातून एनओसीवर आलेली, इथे नुकतीच नवा नंबर मिळालेली आणि बाजारभावापेक्षा दोन-तीन लाखांनी स्वस्त गाडी दिसली तर घाई करू नका. चासीच्या लांब पट्टीवर पुढच्या चाकाजवळचा भाग घासलेट आणि ब्रशने साफ करा, पातळ कागद लावून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा. १७ अक्षरं-आकडे एका ओळीत, एका खोलीचे, सारख्या अंतरावर उमटायला हवेत. एखादं अक्षर तिरकं, भोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल तर तिथून निघा. मग तोच चासी नंबर कंपनीच्या अधिकृत डीलरकडे नेऊन गाडी कोणत्या साली, कोणत्या राज्यात विकली गेली ते विचारा. आरसीशी जुळलं नाही तर पोर्टल काहीही म्हणो, गाडी सोडा.

विम्याकडे लोक फक्त तारीख बघतात. मालक बदलल्यावर तिसऱ्या व्यक्तीची जबाबदारी कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाकडे आपोआप जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण तसं जात नाही. हस्तांतर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलून घ्यायचं असतं. परमिट नसताना अपघात झाला तर प्रकरण आणखी चिघळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृतपाल सिंग प्रकरणात परमिटशिवाय गाडी चालवणं हे विम्याच्या अटींचं मूलभूत उल्लंघन धरलं. विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करते.

आणि हा ‘मालक’ कोण, यात विकणाराही अडकतो. त्याच वर्षी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक, गाडी प्रत्यक्षात किती हातांतून गेली याला अर्थ नाही. नोटरीवर गाडी देऊन मोकळा झालो समजणाऱ्याच्या दारात दोन वर्षांनी अपघात न्यायाधिकरणाची नोटीस येते. विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, घेणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत प्राधिकरणाला कळवावं. तसं केलं तर परमिट तीन महिने वापरता येतं, तेवढ्यात हस्तांतराचा अर्ज जायला हवा. भाऊबंदकीत हे तीन महिने निघून जातात आणि मग तीच गाडी ‘परमिटसकट’ म्हणून बाजारात येते.

अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइलही येते. ती उघडली की फोनमधले ओटीपी परस्पर जातात. खरं चलन एपीके म्हणून कधीच येत नाही.

फसलात तर पैसे ऑनलाइन गेले असतील तेव्हा आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग बाकीचं. जितका लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडकण्याची शक्यता जास्त. खोट्या ऑथोरायझेशनची तक्रार देताना ‘एजंटने फसवलं’ एवढंच न लिहिता बनावट सरकारी कागद असा स्पष्ट उल्लेख करा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, बनावटीकरणाला ३३६ आणि बनावट कागद खरा म्हणून वापरण्याला ३४०. बनावट कागदाचा मुद्दा आला की दिवाणी बाब म्हणून बोळवण करणं अवघड जातं. तक्रारीला पोर्टलवरच्या नोंदीची त्या दिवशीची प्रत, पैसे दिल्याचा बँकेचा उतारा आणि परराज्यात मिळालेलं चलन जोडा. खरं ऑथोरायझेशन लगेच स्वतः काढा, पण खोटं होतं त्या दिवसांचा दंड त्याने माफ होत नाही. आणि एजंटने पाठवलेली मूळ पीडीएफ रागाच्या भरात डिलीट करू नका. पोलिसांना ज्या नंबरवरून ती आली त्या चॅटसकट फाइल लागते, नुसती प्रिंट पुरत नाही.