रिबॉलिंगच्या नावाखाली साडेचार हजार घेतले, केलं काय तर फुकटच्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर साफ

पीसीत ग्राफिक्स कार्ड असेल आणि काही बिघडलं की कॅबिनेट उचलून दुकानात न्यायची सवय असेल तर हे वाचाच. दुकानाचं नाव टाकत नाही, इनबॉक्समध्ये पण विचारू नका, गाव लहान आहे आणि मला तिथंच राहायचंय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आधी एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय होतं, ४ जीबीवालं, फोर-के फुटेज टाकलं की धापा टाकायचं म्हणून ओळखीतल्या एकाकडून एएमडीचं आरएक्स ६६०० घेतलं, ८ जीबी, सेकंडहँड. जुनं कार्ड काढलं, नवीन बसवलं, एएमडीचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाकला. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ५५० वॅटचा, म्हणजे पॉवरचा पण प्रश्न नव्हता (६६०० ला कंपनी ४५० वॅट सांगते). सुरुवातीला झकास चाललं आणि मग एकदम चाळे सुरू, लॉगिन केलं की स्क्रीन काळी, कधी नशिबाने चालू झालंच तर एडिटिंगचं सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, व्हिडिओ तयार होत असताना मध्येच बंद, आणि एएमडीचं सॉफ्टवेअर उघडायला गेलं की मेसेज यायचा की विंडोज अपडेटने तुमचा ड्रायव्हर बदलला असावा. हा मेसेज लक्षात ठेवा, अख्खी गोष्ट त्यातच आहे. पण ऐन लग्नसराई, नवरीच्या भावाचे रोज फोन, डोकं लावायला वेळच नव्हता, कॅबिनेट गाडीवर टाकलं आणि बाजारपेठेतल्या दुकानात नेलं.

दुकानदाराने पाच मिनिटं बघितलं, तो मेसेज पण त्याच्यासमोर आला, आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "दादा, चिप हललीय कार्डची. रिबॉल करायला लागतंय. आपल्याकडं मशीन नाही, पुण्याला पाठवतो, आठवडा धरून चाला." रिबॉल म्हणजे चिपखालचं सोल्डर बदलणं, ते पुढे सांगतो. साडेपाच हजार सांगितले, घासाघीस करून साडेचारला तयार झाला. वर म्हणतो, नवीन घ्यायला गेलात तर वीस-पंचवीस हजार जातील, त्यापेक्षा हे परवडतंय की. आठवड्याने फोन आला, कार्ड पुण्याहून आलं, चालू झालं, घेऊन जा. खरंच चालू झालं होतं. पैसे दिले, एका कागदावर 'सर्व्हिस चार्ज' एवढंच लिहून दिलं, जीएसटी बिल मागितलं तर म्हणे मग १८ टक्के वर लागतील.

आता गंमत पुढे. फुटेजला जागा करायला म्हणून सी ड्राइव्ह साफ करायला बसलो तर डाउनलोड्समध्ये डीडीयूचा फोल्डर. डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ग्राफिक्सचे जुने ड्रायव्हर मुळापासून काढायचं सॉफ्टवेअर, वॅगनार्डसॉफ्टचं, पूर्ण फुकट. हे सॉफ्टवेअर काय काय केलं त्याची नोंद त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, आणि दुकानातल्या पोराने ती पुसली नव्हती. उघडली तर आधी एनव्हिडियाची साफसफाई, मग एएमडीची, खाली कार्डचं नाव, आणि तारीख त्याच दिवशीची ज्या दिवशी मी कॅबिनेट देऊन आलो होतो. वेळ दुपारची. म्हणजे मी घरी येऊन जेवून आडवा होईपर्यंत यांचं काम झालेलं, आणि पुढचा अख्खा आठवडा माझं कार्ड 'पुण्यात'. विंडोज स्वतःच्या नोंदी ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं तर त्या आठवड्यात पीसी रोज संध्याकाळी चालू केलेला. कोण काय खेळत होतं देव जाणे, कार्ड तर पुण्यात होतं ना!

मग कॅबिनेट उघडून कार्ड बाहेर काढलं. रिबॉलिंग म्हणजे काय ते थोडं सांगतो म्हणजे कळेल. कार्डची मुख्य चिप बोर्डावर सोल्डरच्या बारीक बारीक गोळ्यांवर बसलेली असते, त्यांचा जोड सुटला तर मशीनवर गरम करून चिप उचलायची, जुनं सोल्डर पुसायचं, स्टेन्सिल लावून नवे गोळे बसवायचे आणि चिप परत जागेवर. त्यासाठी आधी पंखे आणि हीटसिंक काढावाच लागतो, दुसरा रस्ताच नाही. तो ज्या चार स्क्रूंवर असतो त्यातल्या एकावर माझ्या कार्डला कंपनीचा छोटा गोल स्टिकर आहे. तो जसाच्या तसा, कडेला साधी सुरकुती नाही, त्यावर धुळीचा थर. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये बॅटरी मारून बघितलं तर आधीच्या मालकाच्या घरातली काळपट धूळ वाकळेसारखी बसलेली. कार्ड उघडलंच नव्हतं हो.

दुकानात गेलो तर आधी "दोन्ही केलंय दादा, रिबॉल पण आणि सॉफ्टवेअर पण". स्टिकर दाखवला तर म्हणे आमचा माणूस असा काढतो की कळत नाही. धूळ पण परत तशीच भरतो का विचारल्यावर गप्प. बाजूला दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यामुळे आवाज खाली आला आणि दोन हजार परत मिळाले. बाकीचे अडीच हजार गेले ते गेले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करू शकतो, पण हातात बिल नाही, कागदावर रिबॉलिंग शब्द नाही, तिथंच तो सेफ झालेला. म्हणून कॅबिनेट देतानाच जॉब कार्डवर नक्की कुठलं काम करणार ते लिहून घ्या, कार्डच्या मागचे स्क्रू, स्टिकर आणि सिरियल नंबर यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. आणि कार्ड वॉरंटीत असेल तर रिबॉलिंगला हो म्हणूच नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, काही कंपन्या नुसत्या सिरियल नंबरवर पण वॉरंटी बघतात.

माझ्या केसमध्ये झालं काय होतं तर कार्ड बदलताना एनव्हिडियाचा जुना ड्रायव्हर तसाच राहिलेला आणि त्यात विंडोज अपडेटने गुपचूप एएमडीचा स्वतःकडचा जुना ड्रायव्हर वरून टाकलेला. हे घरी निस्तरता येतं. नवीन ड्रायव्हर आधी एएमडी, एनव्हिडिया किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून उतरवून ठेवा, डीडीयू पण, मग नेट बंद, लॅनची वायर काढा नाहीतर वायफाय बंद करा, हे विसरलात तर विंडोज मध्येच परत स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूटमधून सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं तो प्रकार. इथं दोन ठिकाणी लोक अडकतात, एक म्हणजे सेफ मोडमध्ये बऱ्याचदा पिन चालत नाही, पासवर्ड लागतो, तो आठवत नसेल तर आधी बघून ठेवा, आणि दुसरं म्हणजे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की मागू शकतं, ती ४८ आकडी असते, बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, पण पीसी अडकल्यावर शोधाशोध नको, आधीच कागदावर उतरवा. डीडीयूमध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स) निवडायचं, कंपनी निवडायची आणि क्लीन अँड रीस्टार्ट. स्क्रीन मोठ्ठी आणि भोंगळ दिसेल, घाबरू नका, तो विंडोजचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर असतो. मग नवीन ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट, आणि त्यानंतरच नेट चालू. दर अपडेटला हे करायची काही गरज नाही, कंपनी बदलली किंवा असलं काही लफडं झालं तरच.

कार्ड खरंच मेलंय का हे पण पैसे देण्याआधी बघता येतं. सेफ मोडमध्ये नीट चाललं म्हणजे कार्ड शंभर टक्के चांगलं असं नाही, कारण तिथं कार्डवर लोडच नसतो, पण मित्राच्या पीसीत लावून एखादी गेम तासभर चालवली आणि काही झालं नाही तर चिप हलली वगैरे गोष्टींवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

आणि गूगलवर शोधताना वरच्या जाहिरातींवर क्लिक करू नका. माझ्या पीसीत त्या पोराने जाता जाता एक ड्रायव्हर अपडेटर पण टाकून ठेवलेला, स्कॅन करून लाल अक्षरात ढीगभर ड्रायव्हर जुने दाखवायचा आणि दुरुस्त करायला वर्षाची वर्गणी मागायचा. त्याची यादी निवांत वाचली तर त्यात कीबोर्ड आणि मॉनिटर पण होते. कंट्रोल पॅनेलमधून काढला, स्टार्टअपमधून बंद झालाय का ते परत तपासलं, आणि डीडीयूचा तो फोल्डर मात्र नोंदीसकट पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवलाय, कुणाला त्याच दुकानाचा असाच अनुभव असेल आणि मिळून तक्रार करायची असेल तर सांगा, मी येतो.