"रोज इंग्रजी पेपर वाच" म्हणण्याआधी: आठवी ते दहावीच्या पोरांना वाचायला नेमकं काय द्यावं?

घरात आठवी-नववीतलं पोरगं असलं आणि इंग्रजी कच्चं असलं की सल्ला एकच मिळतो, रोज इंग्रजी पेपर वाच. मामा सांगतो, शेजारचे रिटायर्ड गुरुजी सांगतात, क्लासवाले तर सांगतातच. मी मराठी मीडियम आणि सेमी इंग्लिशच्या पोरांच्या शिकवण्या घेते आणि माझं मत सरळ आहे, सुरुवातीला पेपर हा सगळ्यात वाईट पर्याय. तो यावा पण शेवटी यावा. त्याच्याआधी घरात जे इंग्रजी आपसूक येऊन पडलेलं असतं ते वाचायला लावा, बिस्किटाचे पुडे, औषधाची पाकिटं, मोबाइलवरचे मेसेज, मॅचची कॉमेंट्री. आता यातलं सगळंच सगळ्यांना उपयोगी पडत नाही, कुणाला काय द्यायचं ते पोरगं कुठे अडतंय त्यावर आहे, म्हणून हे जरा समोरासमोर ठेवून बघू.

आधी अडतं कुठे ते बघा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे अक्षरओळख हा प्रश्न बहुतेकांचा राहिलेला नाही, पोरं उतारा धडाधड मोठ्याने वाचतात आणि मग विचारलं "काय म्हणलंय यात?" की वहीत बघायला लागतात. 'असर' म्हणजे पोरांना खरंच काय येतं ते तपासणारी पाहणी, तिचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या ग्रामीण पोरांवर होता, त्यात ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, पण ज्यांना वाचता आली त्यातल्या ७३.५ टक्क्यांनाच अर्थ सांगता आला. म्हणजे वाचता येणाऱ्यांतलाही साधारण चौथा हिस्सा नुसता उच्चार करतोय. मोठ्याने वाचून घेणाऱ्या पालकांना हे कळतच नाही, कारण कानाला तर मस्त वाटतं ना.

म्हणून माझी कसोटी अशी की वाचून झाल्यावर पोराला काहीतरी करता किंवा ठरवता आलं पाहिजे, आणि चुकीचं वाचलं तर ते तिथल्या तिथे उघडं पडलं पाहिजे. पेपरातली बातमी चुकीची समजली तरी कुणाचं काही बिघडत नाही, पोरगं पान उलटतं आणि आपण खूश.

पुडा विरुद्ध पेपर बघा. खाण्याच्या पाकिटावरचा मजकूर कायद्याने इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावा लागतो आणि कंपन्या बहुधा इंग्रजी निवडतात, त्यामुळे अगदी खेड्यातल्या किराणा दुकानातसुद्धा इंग्रजीचा साठा पडलेला असतो आणि तो फुकट आहे. शब्द तेच तेच परत येतात, इन्ग्रेडियंट्स, कंटेन्स, नेट क्वांटिटी, बेस्ट बिफोर, स्टोअर इन अ कूल अँड ड्राय प्लेस. हे परत परत येणं हाच मोठा फायदा, कारण शब्द पाठ न करता बसतो. पेपरात आज एक शब्द दिसला तर तो परत कधी दिसेल काही भरवसा नाही.

पण पुडा नुसता हातात देऊन "वाच" म्हणू नका, प्रश्न द्या. आंब्याच्या ड्रिंकची बाटली घ्या. समोर रसाळ आंब्याचं चित्र, आता मागे वाचायला लावा. घटक पदार्थ वजनाने जास्त ते कमी या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, तेवढं एक सांगून ठेवायचं आणि विचारायचं, यात सगळ्यात जास्त काय आहे? पोरगं शोधतं आणि पहिलाच शब्द निघतो वॉटर. मग साखर कितवी, आंबा कितवा, आंब्याच्या गराचे टक्के कुठे लिहिलेत. मग खालचा तक्ता, पर १०० एमएल साखर अमुक ग्रॅम, बाटली ६०० ची, तर सगळी बाटली एकट्याने संपवली तर किती? इथे पोरं खरी जागी होतात, एकदा एक नववीतला मुलगा म्हणला "ताई हे तर फसवतात की", आणि मग त्याने आपणहून घरातल्या सॉसपासून शेवेपर्यंत सगळं उलटं करून वाचलं. नेमकी माहिती हुडकणं, तक्ता वाचणं, समोरचा दावा आणि मागची माहिती ताडून बघणं, तीनही कामं एका बाटलीत झाली. दहावीच्या कृतिपत्रिकेत तक्ता किंवा आकृती बघून परिच्छेद लिहायचा असतो, त्याचीही तयारी याच तक्त्यावर होते, "याने मार्क वाढतील का" विचारणाऱ्यांसाठी सांगते.

पुड्याची कमजोरी पण सांगते. पूर्ण वाक्यं फार कमी. नुसते पुडे वाचून कुणाला गोष्ट किंवा लांब उतारा समजायला लागणार नाही, दोनतीन आठवड्यांत त्यातला रस संपतो, संपला की पुढे सरका.

पुढे म्हणजे सूचना. इथे वाक्यं येतात, छोटी आणि हुकमी. माझं आवडतं म्हणजे ओआरएसचं पाकीट, जुलाब झाले की पाण्यात विरघळवून देतात ती पावडर. वाक्य साधं असतं, डिझॉल्व्ह द एन्टायर कंटेंट्स इन वन लिटर ऑफ ड्रिंकिंग वॉटर, आणि खाली चोवीस तासांत संपवा अशी सूचना. शब्द सुटे सुटे सगळ्यांना येतात. आता विचारा, घरात एवढी मोठी बाटली नाही, ग्लासभर पाण्यात थोडी पावडर टाकली तर चालेल का? काल सकाळी केलेलं आज दुपारी प्यायचं का? याचं उत्तर पाकिटावर सरळ छापलेलं नाही, 'एन्टायर' आणि चोवीस तास यावरून काढावं लागतं, आणि शाळेत ज्याला अनुमान काढा म्हणतात ते हेच. मेडिकलमध्ये २०.५ ग्रॅमचं एक लिटरवालं पाकीट मिळतं तसं २०० एमएलसाठीचं छोटंही मिळतं, दोन्ही आणून शेजारी ठेवा आणि फरक त्यालाच शोधू द्या. थोडी मोठी पोरं असतील तर पुढचा टप्पाही आहे, बाजारात नावात ओआरएस लावलेली गोड पेयं विकली जायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यावर बंदी आणली, तर खऱ्या पाकिटावरचे घटक आणि एखाद्या गोड पेयाचे घटक शेजारी ठेवून वाचायला लावा, मग ही बंदी का आली ते वेगळं सांगावं लागत नाही.

गोळ्यांच्या पट्टीवरचा मजकूर मात्र मी मोजकाच वापरते. एक्सपायरीची तारीख, कुठे ठेवायचं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये ही ओळ आणि तेच सांगणारी पाकिटावरची लाल पट्टी, एवढं पुरे. आतलं घडी घातलेलं पत्रक डॉक्टरांच्या भाषेत असतं, पोरगं घाबरतं नाहीतर आजीला सगळे साइड इफेक्ट वाचून दाखवतं आणि आजी गोळीच बंद करते. त्यापेक्षा नको.

शेतकरी घर असेल तर एक चीज शहरातल्या पोरांकडे नसते ती तुमच्याकडे आहे, कीटकनाशकाच्या डब्यासोबतचं माहितीपत्रक. त्यात तोच मजकूर इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषांत असतो. मराठीचा भाग असलेलं पत्रक निवडा, मराठी झाकायचं, इंग्रजी वाचून काय समजलं ते सांगायचं, मग मराठी उघडून ताडून बघायचं, शिकवायला कुणी नसलं तरी चालतं. डब्यावरच्या चौकोनाचा रंग पण वाचायचाच मजकूर आहे, लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले, त्यामुळे हे नुसतं इंग्रजीपुरतं नाही हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. फक्त पत्रक न उघडलेल्या, कोरड्या खोक्यातलं घ्या, वापरलेल्या डब्याला पोरांना हात लावू देऊ नका. आणि अक्षर इतकं बारीक असतं की मोबाइलने फोटो काढून मोठं करूनच वाचा.

आता कॉमेंट्री. तुमच्या पोराला क्रिकेटचं वेड असेल तर पुडे-पाकिटं राहू द्या बाजूला, आधी इथून सुरू करा. क्रिकबझ किंवा क्रिकइन्फोवर बॉलगणिक लिहिलेलं येतं, एकेक नोंद दोनतीन ओळींची, आणि काय झालं ते पोराला आधीच माहीत असतं कारण मॅच त्याने पाहिलेली असते. अर्थ आधी, शब्द नंतर. वाचनाचा वेग वाढवायला याच्याइतकं काही चालत नाही. माझा खेळ असा की नोंदीचा निकाल झाकायचा आणि बाकीचं वाचून ओळखायचं, फोर, आउट की डॉट. फुल अँड वाइड, रीचेस आउट, हार्ड हँड्स, थिक आउटसाइड एज, आता सांग. "स्लिपला कॅच" म्हणतो कुणी, कुणी म्हणतो थर्ड मॅनला फोर, आणि कुठल्या शब्दावरून म्हणालास यावर जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात.

तोटा असा की कॉमेंट्रीची भाषा अर्धी तुटलेली असते, कर्ता नाही, ए-द नाहीत, आणि पोरं तसंच लिहायला लागतात. पत्रलेखनात "वेंट टू पुणे, सॉ फोर्ट" असं आलं की समजायचं डोस जास्त झाला. शिवाय शब्दसंपत्ती एकाच मैदानात फिरते. ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांना जबरदस्ती नको, त्यांच्यासाठी गेममधले मिशनचे नियम किंवा आवडत्या रेसिपीचं इंग्रजी पान हेच काम करतं. यूट्यूबच्या आपोआप येणाऱ्या सबटायटल्सवर मात्र भरवसा ठेवू नका, नावं आणि आकडे त्यात हमखास चुकतात.

मेसेजचं काम वेगळंच. बँकेचा, रिचार्जचा, रेल्वे तिकिटाचा, एकेका ओळीत ठासून भरलेली माहिती. तिकिटाच्या मेसेजमधून पीएनआर, डबा, बर्थ, गाडी सुटायची वेळ तीस सेकंदात काढून दाखव म्हणायचं, बस. पण खरी गंमत खोट्या मेसेजमध्ये आहे. "डिअर कस्टमर, युवर इलेक्ट्रिसिटी विल बी डिस्कनेक्टेड टुनाइट ॲट ९.३०" हा मेसेज कुणाला आला नाही सांगा. खरा आणि खोटा शेजारी ठेवून पोरांना फरक शोधायला लावा, खोट्यात घाई असते, कुणाचातरी साधा दहा आकडी मोबाइल नंबर असतो, व्याकरण आणि कॅपिटल अक्षरं वाट्टेल तशी. पाठवणाऱ्याचं नाव पण वाचायचं, २०२५ पासून कंपन्यांच्या मेसेजच्या नावाशेवटी अक्षर येतं, जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस सेवेचा, पी जाहिरातीचा. हे शिकलेलं पोरगं घरातल्या मोठ्यांचे पैसे वाचवतं, आणि "मला विचारून मग लिंक दाब" असं बापाला सांगायला मिळालं की त्याची इंग्रजी वाचायची हौस कितीतरी वाढते. फक्त बँकेचे खरे मेसेज देताना खात्याचे आकडे आणि ओटीपी झाकून घ्या.

मग बाजारातली कॉम्प्रिहेन्शनची गाइडं? ती वाईट नाहीत, पण त्यात प्रश्नातलाच शब्द उताऱ्यात शोधून ती ओळ उतरवली की उत्तर बरोबर येतं, पोरं यात इतकी तरबेज होतात की काहीही न समजता पैकीच्या पैकी. दहावीच्या वर्षात दिवाळीनंतर वेळ लावून सोडवायला ठेवा, तेव्हा त्यांचा उपयोग आहे. आठवीत त्यावर पैसे घालवू नका.

आणि शेवटी पेपर. तो अवघड का, तर हेडिंगचं व्याकरण वेगळंच असतं, कालची गोष्ट वर्तमानकाळात, सहायक क्रियापद गायब, उद्याचं असेल तर नुसतं 'टू', जसं सीएम टू व्हिजिट नाशिक. पोराने शाळेत नुकतेच काळ शिकलेले असतात, तो गोंधळतो आणि त्यात त्याची चूक नाही. शिवाय बातमी मागचं सगळं माहीत आहे असं धरून लिहिलेली असते. म्हणून द्यायचाच तर आधी मराठी पेपरात वाचलेली बातमी इंग्रजीत द्या, हवामान, आपल्या जिल्ह्यातला अपघात, खेळाचं पान. अग्रलेख अकरावीपर्यंत विसरा, स्पर्धा परीक्षेवाल्या दादाचं बघून आठवीतल्याला द्यायचा नाही.

तर ठरवताना असं बघा. शब्दच अडतात, वाचायलाच नको म्हणतं, तर पुडे. शब्द येतात पण वाक्याचा अर्थ लागत नाही, तर ओआरएस, कुकर-मिक्सरचं माहितीपुस्तक, फवारणीचं पत्रक असल्या सूचना. अर्थ लागतो पण फार हळू, तर कॉमेंट्री किंवा गेम. सगळं जमतं पण जे छापलंय ते खरंच मानतं, तर मेसेज आणि जाहिराती. दहावीत असेल आणि हाताशी तीनच महिने असतील तर माझ्या मते पुड्यांवरचे तक्ते आणि गाइड ही जोडी, बाकी सुट्टीत. घरात स्मार्टफोन एकच आणि तो बाबांबरोबर कामावर जात असेल तरी अडत नाही, पुडे आणि पत्रकं पुरतात, किराणा भरला की नवीन साठा येतोच. वेळ रोज दहा-पंधरा मिनिटं, जेवणाआधी, आणि मोठ्याने वाचून घेऊ नका, मनात वाचू द्या आणि मग मराठीतूनच विचारा. उत्तर मराठीत आलं तरी चालतं, कित्येक पालक इथेच "इंग्लिशमध्ये सांग" म्हणतात आणि पोरगं गप्प होतं, मग त्याला समजलं होतं की नव्हतं ते कळायचा मार्गच बंद.