ईस्टरची कागदी बुट्टी: घडीची, विणलेली की पुड्याची?

नातवंडांसाठी कागदाची बुट्टी करायचं ठरलं की आपण पहिल्यांदा रंगीत कागद आणायला धावतो. त्याआधी दोन गोष्टी ठरवा: बुट्टीत काय घालणार, आणि ती करणार कोण, तुम्ही की मुलं? बाकी सगळं त्यावरून ठरतं.

मिरज-सांगलीकडे बुट्टीत घालायला रंगवलेली उकडलेली अंडी, बेकरीतली मार्झिपॅनची (काजू-बदामाच्या गोड लगद्याची) अंडी आणि तासगावचा नवा बेदाणा या गोष्टी सोयीच्या. नवा बेदाणा नेमका याच दिवसांत बाजारात असतो. चॉकलेटची अंडी मुलांना आवडतात, पण चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपली एप्रिलची दुपार चाळिशीकडे झुकलेली असते. मुलांनी शोधावीत म्हणून अंडी अंगणात लपवायची असतील तर चॉकलेट नकोच. आता वजन बघा. एक अंडं पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं. चार अंडी आणि मूठभर बेदाणे म्हटले की पाव किलो झालंच. झेरॉक्सच्या कागदाला ते पेलत नाही.

माझं मत विचाराल तर बहुतेक घरांना घडीची चौकोनी बुट्टीच बरी. चार्ट पेपरचा मोठा ताव साधारण २२ बाय २८ इंचांचा असतो. त्यातून २७ सेंटिमीटरचे चार चौकोन निघतात. प्रत्येक चौकोनाला नऊ-नऊ सेंटिमीटरवर उभ्या दोन आणि आडव्या दोन घड्या घाला. समोरासमोरच्या दोन कडांवरून, प्रत्येक कडेला दोन, अशा चार चिरा फक्त पहिल्या घडीपर्यंत द्या. मग कोपऱ्याचे चौकोन आत वळवून चिकटवा. नऊ सेंटिमीटर लांब, रुंद आणि तेवढीच खोल बुट्टी तयार होते, चार अंडी आरामात बसतात. तावाची उरलेली पट्टी टाकू नका, चारही बुट्ट्यांचे कान, म्हणजे धरायच्या कमानी, त्यातच होतात.

कानाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण बुट्टी फाटते ती बहुधा तिथेच. मूल बुट्टी उचलत नाही, फिरवतं. तीन सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून कान दुहेरी करा आणि दोन्ही टोकं बुट्टीच्या आतल्या बाजूला किमान चार सेंटिमीटर खाली उतरवा. फेविकॉल लावून कपड्यांचे चिमटे अडकवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. घाई असेल तर स्टेपलर चालतो, पण पिनेची वळलेली टोकं बाहेर ठेवून वरून कागदाची टिकली चिकटवा, म्हणजे आत घातलेल्या बोटांना टोचणार नाही. पाच वर्षांखालचं मूल असेल तर पिना नकोतच. गव्हाच्या पिठाची खळ स्वस्त पडते, पण वाळायला वेळ घेते आणि तिला मुंग्या-झुरळं लागतात.

विणलेली बुट्टी दिसायला सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत दणकट. कागद फुकटचा: रद्दीतला पेपर किंवा गेल्या वर्षीचं कॅलेंडर. पेपरच्या एका मोठ्या पानातून अकरा सेंटिमीटर रुंदीच्या तीन लांब पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टी लांबीच्या दिशेने चौपदरी दुमडली की पावणेतीन सेंटिमीटरची मजबूत पट्टी मिळते. चार उभ्या आणि चार आडव्या पट्ट्यांचा तळ विणायचा, टोकं वर वळवायची आणि भोवतीने तीन फेर घालायचे. अकरा पट्ट्या लागतात, म्हणजे चार पानं पुरतात. कानासाठी पट्टीही त्यातच उरते. पाव किलो सोडा, अर्धा किलो घातला तरी तळ खाली येत नाही.

पण एक संध्याकाळ जाते, आणि सात-आठ वर्षांखालचं मूल तळ विणून होण्याआधीच उठून जातं. तीन नातवंडांसाठी तीन विणायच्या असतील तर त्या तुम्हीच विणणार, हे धरून चाला. वर छापील शाईचा प्रश्न आहे. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणही सांगतं. तेव्हा बेदाणा सुटा घालू नका, आत कोऱ्या कागदाचं अस्तर लावा. मोठी नात किंवा नातू असेल, हाताला सवय असेल, तर ही करावीच.

तिसरा प्रकार पुड्याचा. कोऱ्या ए-फोर कागदातून २० सेंटिमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ कापा आणि भेळेच्या पुड्यासारखं गुंडाळून चिकटवा, वर दोरी लावा. तोंड नऊ सेंटिमीटरच्या आसपास होतं. दोन-चार मिनिटांचं काम. संडे स्कूलची (चर्चमधल्या रविवारच्या वर्गाची) पन्नास मुलं असतील तर दुसरा विचारच करू नका. मात्र तो खाली ठेवता येत नाही, दाराच्या कडीला किंवा खुर्चीच्या पाठीला अडकवावा लागतो, आणि अंडी घातली की टोक सुटतं. गोळ्या आणि बेदाणे एवढंच त्याचं काम.

जपानी घडीचा मासू डबा काहींना मोहात पाडतो, कारण त्याला ना कात्री लागते ना गोंद. पण १५ सेंटिमीटरच्या कागदाचा डबा जेमतेम सव्वापाच सेंटिमीटरचा होतो. एक अंडं मावतं. टिकाऊच हवी असेल तर कागदाचा नाद सोडून बुरुडाकडून बांबूची लहान बुट्टी घ्या आणि दरवर्षी तीच वापरा.

आत अंथरायला प्लॅस्टिकचं गवत विकत आणू नका. हिरव्या पतंगी कागदाच्या बारीक कातरणी पुरतात, त्या मुलांनाच कापायला द्या. नाहीतरी मूळ जर्मन चालीत, ईस्टरला अंडी घेऊन येतो असं मानलेल्या सशासाठी मुलं घरटंच करून ठेवत. जर्मन वसाहतदारांनी अठराव्या शतकात ती चाल अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात नेली, आणि पुढे घरट्याची बुट्टी झाली.

२०२६ चं ईस्टर ५ एप्रिलला, २०२७ चं २८ मार्चला. दोन्ही परीक्षांच्या हंगामात येतात, तेव्हा बुट्ट्या आधीच्या रविवारीच उरका. अंडी मात्र शनिवारी संध्याकाळी उकडा. आपली हळद आणि चमचाभर व्हिनेगर पाण्यात घातलं की पिवळी होतात, कांद्याच्या सालींनी तांबूस. रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो, आणि तसंच ओलं अंडं बुट्टीत ठेवलं तर तळ पिवळा होतो नि मऊही पडतो. पहाटेच्या उपासनेला निघण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून मगच भरा.